मांजराची नखं घरी कापायचीत? आधी हे वाचा

पहिली गोष्ट, अठराच्या अठरा नखं एका बैठकीत उरकायचा हट्ट सोडा. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, झाली अठरा. आमची चिंगी तीन नखांपर्यंत शहाण्यासारखी बसते, चौथ्याला शेपूट आपटायला लागली की मी थांबते, उरलेली उद्या.

वेळ दुपारची बरी, खाऊनपिऊन पंख्याखाली पसरलेली असते तेव्हा. आणि त्याआधी आठ-दहा दिवस नुसता पंजा हातात घ्यायचा, दाबायचा, सोडायचा, लगेच खाऊ द्यायचा, कटर दाखवायचंच नाही. मी हे न करता डायरेक्ट टॉवेलात गुंडाळून कापायला गेले होते, तर नंतर महिनाभर ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला की बाई पलंगाखाली!

कटर मांजरांसाठीचं छोटं घ्या, कात्रीसारखं असतं. धार हवीच, बोथट असेल तर नख कापलं न जाता चिरतं.

आता पंजा धरा, अंगठा वर आणि बोट खाली पंजाच्या मऊ गादीवर, हलकंसं दाबलं की नख आपोआप बाहेर सरकतं. उजेडाकडे धरून बघा, टोक काचेसारखं दिसतं आणि मुळाकडे गुलाबी भाग असतो. त्या गुलाबीत रक्तवाहिनी आणि नस असते, तिथे लागलं तर रक्तही येतं आणि दुखतंही जाम. म्हणून गुलाबीपासून दोन मिलिमीटर तरी लांब राहायचं, फक्त वळलेलं टोक उडवायचं. नख काळं असेल तर आत काही दिसत नाही, मग अगदी टोकच कापा. कमी कापलं गेलं तर काय बिघडतं, दोन-तीन आठवड्यांनी परत कापायचंच आहे.

पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर असतं ते अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही त्यामुळे झिजत नाही, म्हाताऱ्या मांजरांचं तर गोल वळून गादीत घुसतं. आमच्या आधीच्या बोक्याचं तसंच झालेलं, लंगडायला लागला तेव्हा कळलं आम्हाला.

कॉर्नफ्लॉवर आधीच बशीत काढून ठेवा. रक्त आलंच तर चिमूटभर नखाच्या टोकाला लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तुरटी नको, झोंबते. तरी थांबेना तर व्हेट.

आणि तुम्हाला ओरखडा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, रक्त आलं नसलं तरी डॉक्टरांना रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा, घरचंच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका.

बाहेर हिंडणाऱ्या मांजराची नखं मी तरी कापत नाही, कुत्रं मागे लागलं तर झाडावर चढायला लागतात. घरातल्याची कापली तरी सोफा ओरबाडणं थांबत नाही हां, त्यासाठी काथ्याची दोरी गुंडाळलेली फळी ठेवा. तिच्याजवळ कधीकधी नखाची पोकळ टरफलं पडलेली दिसतील, नख तुटलं म्हणून घाबरू नका, ते वरचं जुनं आवरण असतं, आपोआप गळतं.