गरोदरपणातली साखर: शेवटचे तीन महिने कसे सांभाळावेत

ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी आकडा १४० किंवा त्याच्या वर आला, डॉक्टरांनी गरोदरपणातला मधुमेह सांगितला, साखर तपासायचं यंत्र, ग्लुकोमीटर, घरी आला. इथून पुढे सल्ले सुरू होतात. भात बंद कर, गूळ चालतो, नाचणी कितीही खा. सिंधुदुर्गात आरोग्यसेविका म्हणून फिरताना हे मी घरोघरी ऐकते आणि दर वेळी चिडते. यातलं एकही ऐकू नका.

दोन आकडे पाठ करा. सकाळी उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, आचवल्यापासून नाही. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाचा आकडा खोटाच चढा येतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, आपल्या पावसाळी हवेत पट्ट्या लवकर बिघडतात.

जेवणाचं फार अवघड नाही. दुपारी वाटीभर भात खा, पण सोबत कुळथाची पिठी किंवा बांगड्याचं तिखलं आणि भरपूर भाजी हवी. सकाळची पेज मात्र सोडा. उकड्या तांदळाची असली तरी शिजून मऊ झालेली पेज भराभर पचते आणि साखर चढवते. नाचणीचंही तसंच: भाकरी आणि भाजी खा, गूळ घातलेलं सत्त्व नको. सोलकढी चालेल, कोकम सरबत नाही. हापूसच्या एक-दोन फोडी मधल्या वेळेला खा, जेवणावर नको. जेवल्यावर पंधरा मिनिटं खळ्यात फेऱ्या मारा. एवढं नेमाने केलं की जेवणानंतरचे आकडे बहुतेकींचे आटोक्यात येतात.

खरा त्रास सकाळच्या आकड्याचा. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मलाही यानेच छळलं. दिवसभराचे आकडे नीट, आणि सकाळी चहाच्या आधी टोचलं की १०२. घरचे विचारणार, "रात्री काय खाल्लंस?" म्हणून आधी हे समजून घ्या की हा आकडा फक्त रात्रीच्या ताटावर ठरत नाही. आपण झोपलेलो असतानाही यकृत रक्तात साखर सोडत असतं, पहाटे जरा जास्तच. त्यात वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटातून, सुटणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात आणि ३२ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. तुम्ही खाण्यावर ताबा ठेवला नाही म्हणून हे होत नाही.

म्हणूनच रात्री उपाशी झोपू नका. हे मी ओरडून सांगते, कारण नेमकं हेच सगळ्या करतात. आमच्या वाडीतल्या एका सुनेला सासू म्हणायची, "रातीचो भात सोड गो, साखर उतारतली." ती ताकावर झोपायला लागली. मी तिची आकडे लिहायची वही पाहिली तर सकाळचा आकडा होता तिथेच होता आणि ती उठल्या उठल्या गळून गेलेली. फार वेळ पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची द्रव्यं लघवीत येतात. पोटातल्या बाळासाठी ते चांगलं नाही.

रात्री आठपर्यंत जेवा. गणपतीत भजनं बारापर्यंत चालू दे, तुम्ही आधी जेवून घ्या. कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे. मग थोड्या फेऱ्या मारा. झोपण्याआधी कपभर बिनसाखरेचं दूध आणि मूठभर भाजलेले चणे, किंवा एक उकडलेलं अंडं खा. सकाळी उठल्याबरोबर तपासा, आणि ज्या रात्री झोप झाली नाही ती वहीत लिहा, कारण जागरणानेही आकडा चढतो.

इतकं करूनही आठवड्यातून तीन-चारदा ९५ च्या वर येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ते गोळी देतील किंवा झोपतानाचं इन्सुलिन. इन्सुलिनला नाही म्हणू नका. ते वारेतून बाळाकडे जात नाही. साखर जाते, आणि तीच जास्त झाली की बाळ पोटात प्रमाणाबाहेर वाढतं आणि जन्मल्यावर त्याची स्वतःची साखर एकदम खाली येते. "सुई लागली की जन्माची लागली" हेही खोटं. वार पडली की बहुतेकींचं इन्सुलिन थांबतं.

इन्सुलिनची नवीन बाटली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते, तेव्हा बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठातल्या गार पाण्यात ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, आकडा ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा.

बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा इन्सुलिन तेवढंच असून साखर अचानक उतरायला लागली, तर त्याच वेळी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. गाडी कोणाची हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. बाळंतपण घरी नको, बाळाची साखर तपासता येईल अशाच ठिकाणी हवं. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजा.

बाळाची दीड महिन्याची लस असेल त्या दिवशी तुम्हीही सकाळी उपाशीपोटी निघा आणि ग्लुकोजची तपासणी परत करून घ्या. लस कोणी चुकवत नाही, ही तपासणी मात्र बहुतेक जणी चुकवतात.