रशियन विद्यार्थी आणि इंग्रजीची फ्रेझल व्हर्ब्ज

ऑनलाइन इंग्रजी शिकवायला लागलं की कधी ना कधी रशियन बोलणारा विद्यार्थी वाट्याला येतोच. तो मॉस्कोचाच असेल असं नाही. अल्माटी, तिबिलिसी, येरेवान, कुठलाही असू शकतो. त्याचं व्याकरण बहुतेक वेळा आपल्यापेक्षा पक्कं असतं. आर्टिकलं सोडा, ती रशियनमध्ये नाहीतच, त्यामुळे तिथे गाडी कायम अडते. पण काळ, कंडिशनल, पॅसिव्ह सगळं चोख. तरी बोलायला लागला की सरकारी परिपत्रक वाचून दाखवतोय असं वाटतं. मीटिंग 'पोस्टपोन' होते, पाहुण्याला 'प्लीज एंटर' म्हटलं जातं, शेजारी 'टॉलरेट' होत नाही. त्या जागी शोभणारी पुट ऑफ, कम इन, पुट अप विथ ही फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला छोटं अव्यय जोडून बनलेली रूपं, त्याला माहीत असतात, यादी पाठ असते, पण तोंडातून बाहेर येत नाहीत.

नवीन शिक्षक इथे आणखी एक यादी हातात देतो. 'गेट'ची पंचवीस रूपं, 'टेक'ची वीस. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. रशियन माणसाला कल्पना नवी नसते, फक्त ती त्याच्याकडे दुसऱ्या टोकाला असते. इंग्रजीत अव्यय क्रियापदाच्या मागून येतं, रशियनमध्ये ते पुढे चिकटतं. त्याला ते 'प्रिस्ताव्का' म्हणतात, आपण उपसर्ग. पिसात म्हणजे लिहिणं. झापिसात म्हणजे टिपून घेणं, पेरेपिसात पुन्हा लिहून काढणं, दोपिसात लिहून पुरं करणं, पोदपिसात सही करणं. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हा श्लोक आठवेल. उपसर्ग धातूचा अर्थ ओढून भलतीकडे नेतो, तेच हे.

तेव्हा सुरुवात यादीपासून नको, प्रिस्ताव्कापासून करा. आयटीतला विद्यार्थी असेल तर काम फारच सोपं. कातित म्हणजे ढकलत, घरंगळत नेणं. नवी आवृत्ती लोकांसाठी खुली केली की रशियन प्रोग्रामर 'विकातित' म्हणतो, बिघडली म्हणून मागे घेतली की 'ओतकातित'. आता इंग्रजी बघा: रोल आउट आणि रोल बॅक. तुकड्याला तुकडा जुळतो. रोज ऑफिसात वापरतो ते शब्द असेच बनलेत हे त्याच्या लक्षात आलं की पुढचा अर्धा तास तोच उदाहरणं देत बसतो. ओतलोझित घ्या: 'ओत' म्हणजे दूर, बाजूला, आणि त्याला जोडून 'ठेवणं' या अर्थाचा धातू. पुट ऑफ! विचेर्कनुत म्हणजे क्रॉस आउट. सांभाळणं या अर्थी ते 'स्मोत्रेत झा' म्हणतात, शब्दशः मागून बघणं, आणि इंग्रजीत लुक आफ्टर.

'अप'चा एक अर्थही इथेच उरकून घ्यावा. ईट अप, ड्रिंक अप यांतलं 'अप' वर जात नाही, काम पुरं झाल्याचं सांगतं. रशियनमध्ये त्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप असतं, आणि मराठीत आपण खाऊन टाक, पिऊन टाक म्हणतोच. त्यामुळे हे समजावताना मराठी शिक्षकाला इंग्रज शिक्षकापेक्षा कमी धडपड करावी लागते, असं माझं मत आहे.

अर्थात ही जोडणी सगळीकडे चालत नाही, आणि कुठे चालत नाही ते पहिल्याच आठवड्यात दाखवलेलं बरं. 'वि' म्हणजे 'आउट' एवढं धरून बसलेला विद्यार्थी दिवा 'स्विच आउट' करतो, कारण रशियनमध्ये बंद करणं म्हणजे विक्ल्युचित. विग्ल्यादेतमध्ये 'वि' आहे आणि बघणंही आहे, पण अर्थ 'दिसणं'. 'यू लुक आउट टायर्ड' असलं वाक्य तिथून येतं. 'लुक आउट' ही सावधगिरीची हाक आहे, हे रस्त्यावरचं उदाहरण देऊन सांगा, म्हणजे विसरत नाही.

दुसरी अडचण जागेची. चिकटलेला उपसर्ग हलत नाही, इंग्रजीतलं अव्यय मात्र फिरतं. 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ' चालतं, पण 'टर्न ऑफ इट' नाही. नियम सांगून काही होत नाही. 'टर्न इट ऑफ', 'पिक इट अप', 'पुट इट ऑन' असे तुकडे मोठ्याने म्हणून घ्या, आणि जोर शेवटच्या शब्दावर. म्हणून घेताना कान उघडे ठेवा. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटचा घोष व्यंजनध्वनी अघोष होतो, म्हणून 'गिव्ह अप'चं 'गिफ अप' ऐकू येतं. शब्द सुटे न म्हणता 'गिव्हप' असा एकच घास करायला लावा, बरंच सुधारतं.

वाक्प्रचारांचं प्रकरण वेगळं. पुष्कळसे फुकट मिळतात: मगरीचे अश्रू, मेंढीच्या कातड्यातला लांडगा, हे दोन्हीकडे आहेत. काहींत फक्त प्राणी बदलतो. इंग्रज एका दगडात दोन पक्षी मारतो, रशियन दोन ससे. आपण राईचा पर्वत करतो, इंग्रज चिचुंद्रीने उकरलेल्या मातीचा डोंगर करतो, रशियन माशीचा हत्ती. यांवर वेळ घालवू नका. जे अर्धवट जुळतात तेच दगा देतात. रशियन माणूस न बघता विकत घेतलेल्या मालाला 'पोत्यातलं मांजर' म्हणतो. इंग्रजीत पिशवीतलं मांजर बाहेर पडलं म्हणजे गुपित फुटलं. न बघता घेतलेल्या मालासाठी तिथे डुक्कर आहे. तसंच 'पांढरा कावळा' म्हणजे चारचौघांत वेगळा पडणारा. त्याचं 'ब्लॅक शीप' केलं तर बिचाऱ्याच्या नावावर कुळाला बट्टा लागतो.

आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शिकवू नका. पुस्तकांखेरीज ते क्वचितच कानावर पडतं, आणि विद्यार्थ्याला ते आधीच पाठ असतं. वाक्प्रचार ऐकून कळले की पुरे. स्वतः वापरायची घाई करू नको, असं मी विद्यार्थ्याला स्पष्ट सांगते. फ्रेझल व्हर्ब्जबाबत नेमकं उलट, ती रोज वापरावीच लागतात.

आता आपल्याबद्दल थोडं. भारतीय इंग्रजीतली काही रूपं आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असतात की शंकाही येत नाही. आपल्याकडे माणूस कॉलेजमधून 'पास आउट' होतो. लंडनमध्ये तो बेशुद्ध पडतो. 'कोप अप विथ' असं काही नसतं, नुसतं 'कोप विथ'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही. रशियन विद्यार्थी शब्दकोश उघडून बसलेला असतो आणि विचारायला लाजत नाही, तेव्हा तयारी करून बसा.

रशियन यायलाच हवं असं नाही, पण लिपी आणि पंधरा-वीस प्रिस्ताव्का शिकून घ्या. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवतात.

व्यवहाराचं पहिल्याच भेटीत बोला. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं, त्यामुळे तिथल्या बँकेच्या कार्डावरून फी येत नाही. ज्याचं खातं कझाकस्तानात किंवा जॉर्जियात आहे त्याची ही अडचण नसते. वेळेचं गणित मात्र सोपं आहे: रशिया २०१४ पासून घड्याळं पुढेमागे करत नाही, म्हणून मॉस्को वर्षभर आपल्या अडीच तास मागे. तिथला नोकरदार संध्याकाळी सातला मोकळा होतो तेव्हा इथे साडेनऊ वाजलेले असतात, आणि दुसरा तास घेतला तर संपायला साडेअकरा. लवकर झोपायची सवय असेल तर अल्माटीचे विद्यार्थी धरा, ते फक्त अर्धा तास मागे आहेत.