मेट्रो किती लांब, हे आधी विचारा

दुबईची ऑफर आली की ओळखीपाळखीच्या मुलींचे फोन येतात, ते डाळी-मसाल्यांबद्दल. गोडा मसाला किती आणू, कोकम मिळतं का, कुकर न्यायचा की तिथेच घ्यायचा. हे सगळं करामा आणि बर दुबईत मिळतं, त्याची काळजी नको. कामावर जायचं-यायचं कसं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत पगाराला भोक पडतं ते नेमकं तिथे. म्हणून ही तयारी भारतातून निघण्याआधीच सुरू करा.

पहिली गोष्ट ऑफर लेटर. आखातात पगाराचे तुकडे पाडलेले असतात: बेसिक, हाउसिंग, ट्रान्सपोर्ट. ट्रान्सपोर्टपुढे आकडा लिहिलाय की कंपनी गाडी देणार असं लिहिलंय, ते वाचा. आकडा असेल तर जाण्या-येण्याचं तुमचं तुम्ही बघायचं. गाडी असेल तर ती कुठून सुटते, शेवटची फेरी किती वाजता, ओव्हरटाइमला थांबलं तर घरी सोडतात का, हे एचआरला ईमेलवर विचारा. फोनवर सगळेच हो म्हणतात. नर्सिंगवाल्या आणि मॉलमध्ये काम करणाऱ्या मुलींनी तर ड्युटीच्या वेळा लेखी घ्याव्यातच. आणि विषय निघालाय म्हणून सांगते, ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. ट्रान्सपोर्ट फुगवून बेसिक बारीक ठेवलं असेल तर नोकरी सोडताना हातात कमी पडतं.

मग घर. दुबईतल्या प्रवासाचा खर्च आणि त्यातली धाकधूक, दोन्ही घर घेता त्याच दिवशी ठरून जातात. एकट्या आलेल्या बायका बहुधा बेडस्पेस घेतात, म्हणजे खोलीतली एक खाट. जाहिरातीत ‘मेट्रोपासून ५ मिनिटं’ हे असतंच. ती ५ मिनिटं गाडीची की पायी, आणि पायी असतील तर कुणाच्या पायांनी, ते नकाशावर स्वतः मोजा.

मेट्रोच्या सध्या दोन लाइन आहेत. लाल २००९ मध्ये सुरू झाली, ती शेख झायेद रोड धरून मरिना आणि पुढे जबल अलीच्या दिशेने जाते. हिरवी २०११ ची, ती देइरा आणि बर दुबईच्या जुन्या वस्तीतून फिरते. युनियन आणि बुरजुमान या दोन स्टेशनांवर त्या एकमेकींना भेटतात, आणि गाडी बदलली म्हणून वेगळं तिकीट पडत नाही. त्यामुळे ऑफिस लालवर आणि घर हिरवीवर असं छान जमतं. इंटरनॅशनल सिटी, सिलिकॉन ओएसिस, अकॅडमिक सिटी या भागांत भाडी कमी दिसतील. तिथे अजून मेट्रो नाही, हे त्यामागचं एक कारण. निळी लाइन तिकडे जाणार आहे, पण ती २०२९ च्या सप्टेंबरात सुरू करायचं ठरलंय. तोवर बस, नाहीतर टॅक्सी. शारजात भाडं आणखी उतरतं, पण तिथे मेट्रोच नाही, आणि सकाळी अल इत्तिहाद रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. घोडबंदर रोडवर सकाळी ८ ची बस धरलेल्या बाईला याहून जास्त सांगायला नको.

एका नावापासून जपा: अल नाहदा. हा भाग दुबईतही आहे आणि हद्द ओलांडली की शारजातही. मी पहिल्याच आठवड्यात तिथे खोली बघायला निघाले आणि टॅक्सीवाल्याला नुसतं अल नाहदा सांगितलं. पेशावरचे चाचा होते, त्यांनी बिचाऱ्यांनी विचारलंही, ‘बाजी, दुबईवाला या शारजावाला?’ मी ठणकावून दुबई म्हटलं. अर्धा तास गोल गोल फिरल्यावर कळलं, खोली शारजाच्या बाजूला. हद्द ओलांडण्याचे २० दिरहम भाड्यात चढले, परत येताना शारजाच्या टॅक्सीचा भुर्दंड वेगळा, आणि खोलीला खिडकी नव्हती ती नव्हतीच. तेव्हापासून मी पत्ता विचारत नाही, मकानी नंबर मागते. दुबईत इमारतीच्या दाराशी १० आकडी नंबराची पाटी असते. तो नंबर मकानीच्या अ‍ॅपमध्ये टाकला की नकाशावर नेमकं तेच दार दिसतं. खोली देणारी व्यक्ती हा नंबर सांगताना चाचपडायला लागली तर पुढे बोलू नका.

पैसे देण्याआधी स्टेशन ते दार हा रस्ता दोनदा चाला, एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री १० नंतर. दुपारी सावली किती ते कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० च्या वर असतो, तेव्हा ८०० मीटर म्हणजे ऑफिसचा कुर्ता पाठीला चिकटलाच. रात्री बघायचं ते वेगळं. अल कुसैसला माझ्या पहिल्या घराकडे जाताना, स्टेशनचा पूल उतरला की फार्मसी, मग कडक चहाचं दुकान, जिथे लोक गाडीतूनच हॉर्न मारून चहा मागवतात, मग बकाला. बकाला म्हणजे आपलं किराणा दुकान, रात्री उशिरापर्यंत उघडं. त्यापुढे साठ-सत्तर पावलं मोकळ्या वाळूची, जिथे लोक गाड्या लावायचे आणि दिवा नव्हता. तिथे कधी काही झालं नाही, कुणी आडव्या शब्दाने बोललं नाही. तरी त्या साठ पावलांत मी दोन वर्षं किल्ली मुठीत धरून चालले. पुढचं घर बघताना एकच अट घातली, वाळू नको. महिन्याला १०० दिरहम जास्त गेले, त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

दाराशी पोहोचलात की नातूरशी, म्हणजे इमारतीच्या वॉचमनशी, पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. आणि स्टेशन समोर दिसतंय म्हणून मधूनच रस्ता ओलांडू नका. पूल नाहीतर सिग्नल. आपल्याकडची हात दाखवून पळायची सवय इथे ४०० दिरहमांना पडते.

विमानतळावर उतरल्याचा दिवस वेगळा ठरवून ठेवा. टर्मिनल १ आणि ३ ला लाल लाइनचं स्टेशन आहे, टर्मिनल २ ला नाही. मेट्रोत एक मोठी आणि एक छोटी बॅग चालते; आईने बांधून दिलेली तिसरी पिशवी चालवून घेतील याच्या भरवशावर राहू नका. रात्री फार उशिरा उतरणार असाल तर मेट्रो बंद असेल. मग टॅक्सीच, आणि विमानतळावरून मीटर २५ दिरहमांपासून सुरू होतो, ते पैसे वेगळे काढून ठेवा. गुलाबी छताची लेडीज टॅक्सी तिथे मिळते. ती बाई चालवते आणि फक्त बायका आणि कुटुंबांना घेते. पहिल्या रात्री, दोन बॅगा आणि अनोळखी शहर असताना, मी तर तीच घ्या म्हणेन.

दुसऱ्या दिवशी नोल कार्ड. सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला, त्यातले १९ दिरहम बॅलन्स म्हणून मिळतात. मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे हेच. एका झोनमध्ये ३ दिरहम, शेजारच्या झोनपर्यंत ५, त्यापुढे कितीही लांब गेलं तरी साडेसात. उतरून दुसरी बस किंवा मेट्रो अर्ध्या तासात पकडली तर प्रवास तोच धरतात. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं; बसमध्ये उतरताना नव्या मुली हटकून विसरतात. बिनतिकिटाला दंड २०० दिरहम.

पाससाठी घाई करू नका, आधी हिशेब करा. सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५० दिरहमला आहे. रोज जाऊन-येऊन १५ दिरहम धरले तर पाच दिवसांच्या आठवड्याला महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ३३० होतात. पास तोट्यात. सहा दिवस काम असेल तर ३९०, मग पास फायद्याचा. दोन झोनवाल्यांचंही तसंच: २३० चा पास सहा दिवस काम असेल तर परवडतो, पाच दिवसांना नाही. निळं नोल कार्ड थोडं महाग, पण त्यावर तुमचं नाव असतं आणि हरवलं तर आतले पैसे बुडत नाहीत. वेंधळ्या असाल तर तेच घ्या. मी घेतलंय.

मेट्रोत बायका-मुलांचा वेगळा डबा असतो. प्लॅटफॉर्मवरच्या गुलाबी खुणा बघून उभं राहायचं. आत जमिनीवर पट्टी आहे, ती ओलांडून आलेल्या पुरुषाला १०० दिरहम दंड होतो, आणि तो खरोखर घेतात. चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्याची सवय असलेल्यांना इथे फार शांत वाटेल. कुणी भाजी निवडत नाही, कुणी चौथी सीट मागत नाही. खाणं-पिणं, च्युइंगम चघळणंसुद्धा बंद, त्यालाही १०० दिरहम, तेव्हा डबा ऑफिसात पोहोचूनच उघडा. बसमध्ये पुढच्या सीट बायकांसाठी राखीव असतात.

आता वेळ. मेट्रो सोमवार ते शनिवार पहाटे ५ ला सुरू होते आणि रात्री १२ ला थांबते, शुक्रवारी १ पर्यंत चालते. रविवारी मात्र सकाळी ८ ला सुरू होते. हे लाल पेनाने लिहून ठेवा. ज्यांची रविवारी सकाळी ७ ची ड्युटी आहे त्यांची पहिल्या रविवारी फजिती ठरलेली. शनिवारीच बसचा नंबर शोधून ठेवा, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्या मुलीबरोबर टॅक्सी वाटून घ्या.

टॅक्सीबद्दल थोडंच. पिवळसर, रंगीत छताची सरकारी टॅक्सी मीटरवर चालते, घासाघीस नाही. एवढ्याशा अंतरालाही १२-१३ दिरहम पडतात. वाटेत सालिकचा टोल लागला तर तो तुमच्या भाड्यात येतो: सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत ६ दिरहम, एरवी ४, रात्री १ ते ६ काही नाही. ड्रायव्हर बहुतेक हिंदी-उर्दू बोलतात. मागे बसा, गाडीचा नंबर घरी कुणालातरी पाठवा, पावती घ्या. मोबाइल सीटवर राहिला तर त्या पावतीवरून गाडी सापडते. तक्रारीचा नंबर ८००९०९०. अ‍ॅपवरून बोलावली तर नाव-नंबर आपोआप नोंदला जातो, म्हणून रात्री रस्त्यावर हात दाखवण्यापेक्षा मला अ‍ॅप बरं वाटतं, चार दिरहम जास्त गेले तरी.

कारलिफ्टवर मात्र जरा थांबून बोलते, कारण सगळ्यात स्वस्त तीच दिसते आणि सगळ्यात आधी तीच समोर येते. कुणीतरी आपल्या खासगी गाडीतून चार-पाच जणींना रोज नेतो-आणतो, महिन्याचे पैसे ठरवून. आपल्याकडच्या शेअर रिक्षासारखी सोय, पण परवाना नसेल तर इथे ती बेकायदा. गाडीवाल्याला जबर दंड, गाडी जप्त, आणि तुम्ही सकाळी पावणेआठला हायवेच्या कडेला. अपघात झाला तर विम्याचे वांधे. माझ्या रूममेटचा गाडीवाला महिन्याचे पैसे आगाऊ घेऊन १२ तारखेला फोन बंद करून बसला. तक्रार काय करणार, कुठल्या तोंडाने? शारजा-दुबई करायचंच असेल तर सरकारी बस आहेत. युनियनहून शारजाच्या जुबैल स्टँडला ई३०३ जाते, अल घुबैबाहून ई३०६. रांग असते, वेळ लागतो, पण बस येते. परवानाधारक कंपनीची गाडी मिळाली तर परवान्याचा कागद मागा, लाजू नका.

फोनमध्ये काय हवं? आरटीएचं, म्हणजे दुबईच्या वाहतूक खात्याचं अ‍ॅप, दुबई पोलिसांचं अ‍ॅप, आणि हे नंबर नावानिशी: पोलीस ९९९, तातडीचं नसेल तर ९०१, अ‍ॅम्ब्युलन्स ९९८, घरात किंवा मालकाकडून छळ होत असेल तर दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रनचा ८००१११, आणि भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा ८००४६३४२. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि लोकेशन जातं, पण कॉल लागत नाही. घरच्यांना हे विमानात बसण्याआधी समजावून सांगा, नाहीतर पहिल्या रात्री आई उगाच हवालदिल होईल. त्यांच्या फोनवर कॉलसाठी बोटिम हे अ‍ॅप टाकून द्या.

कुणी त्रास दिलाच, मागे लागला, अंगाला अंग घासलं, तर इथला कायदा कडक आहे, कैद आणि दंड दोन्ही होतात. स्टेशनवर लगेच कर्मचाऱ्याला सांगा. गाडीत असाल तर डब्यातलं आपत्कालीन बटण दाबा, गाडीला ड्रायव्हर नसला तरी पलीकडे माणूस बोलतो. त्रास देणाऱ्याचा व्हिडिओ काढून फेसबुकवर टाकायचा नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं, तो पसरवणं हाही इथे गुन्हाच, आणि संतापून दिलेली शिवी किंवा हाताची खूण उलट तुमच्यावरच शेकू शकते. जागा, वेळ, डबा, कपड्यांचा रंग लक्षात ठेवा आणि पोलिसांना सांगा.

भारतातलं लायसन्स असेल तर घेऊन या. ते इथल्या लायसन्सशी नुसतं बदलून मिळत नाही, क्लास आणि टेस्ट आहेत, खर्च काही हजार दिरहमांचा. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

पर्समध्ये एक ओढणी किंवा पातळ जॅकेट असू द्या, मेट्रोतला एसी हाडं गोठवतो. पाण्याची बाटली, ती स्टेशनबाहेर प्यायला. आणि एक-एक दिरहमची चार नाणी वेगळ्या कप्प्यात. देइऱ्याच्या मसाला बाजाराकडून बर दुबईला खाडी ओलांडणाऱ्या लाकडी अब्राचं भाडं १ दिरहम आहे, आणि ते नावाड्याच्या हातात रोखच द्यावं लागतं. संध्याकाळी बसा, कडेची जागा धरा.