थीम निवडताना डेमो झाका, आपला मजकूर उघडा

मी लातूरला वेबसाइटी करून देतो. गिऱ्हाइकं सगळी आसपासचीच. कुणाचं बियाण्याचं दुकान, कुणाचे क्लासेस. चार वर्षांपूर्वी औशाकडचे एक निवृत्त गुरुजी आले. आपल्याकडच्या बोलीतल्या शब्दांवर त्यांनी वहीत वीसेक लेख लिहून ठेवले होते, त्यांचा ब्लॉग करायचा होता. मी त्यांना मासिकाच्या धर्तीची एक विकतची थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, बसवून दिली. डेमोत, म्हणजे थीम करणाऱ्यानं दाखवलेल्या नमुना साइटवर, ती फार देखणी दिसत होती, मोठे फोटो, बारीक नाजूक अक्षरं, भरपूर मोकळी जागा.

पंधरा दिवसांनी फोन आला. "अरे, हे काय करलालास? वाचाय येईना की."

त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्याच मोबाइलवर पान उघडलं. वरच्या स्लायडरमध्ये, म्हणजे सरकत्या फोटोंच्या पट्टीत, पाच चौकोन होते, त्यातले चार रिकामे, कारण गुरुजींकडे फोटोच नव्हते. शीर्षकातली शिरोरेघ अक्षरागणिक तुटलेली. 'हुरडा' शब्दाचा उकार खालच्या ओळीतल्या अनुस्वारावर जाऊन टेकला होता. थीम वाईट नव्हती. मी तिच्यात मराठी घालून बघितलंच नव्हतं, चूक ती होती.

तेव्हापासून थीम बघायच्या आधी मी माणसाला एक काम सांगतो: पुढच्या सहा महिन्यांत साइटवर खरोखर काय टाकणार आहात ते कागदावर लिहा. गुरुजींच्या कागदावर आलं, आठवड्याला एक लेख, फोटो क्वचित, शब्दांची अकारविल्हे यादी. माझ्या मामाची केसर आंब्याची बाग आहे, त्याच्या कागदावर आलं, पेटीचा फोटो, आजचा भाव, फोन नंबर, आणि तेही एप्रिल ते जून एवढंच. या दोघांना एक थीम कशी चालेल? गुरुजींना एका रकान्याची, मधे काहीही न येणारी थीम पाहिजे. मामाला पहिल्याच पडद्यावर भाव आणि फोन लावायचं बटण पाहिजे. कागद हातात असला की दाखवलेल्या शंभर थीममधल्या नव्वद आपोआप गळतात.

डेमोतले फोटो बऱ्याचदा थीमसोबत मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ते काढले की मागे काय उरतं तेवढीच आपली थीम.

आता मराठीचं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. माझ्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: "शिवारातल्या विहिरीचं पाणी आटलं, म्हणून सोयऱ्यांनी ॲडव्हान्स घेऊन कैऱ्या लवकर उतरवल्या आणि गर्दीतून मार्केटला नेल्या." हे वाक्य शीर्षकात, मजकुरात, मेन्यूत आणि बटणावर टाकून बघायचं. 'सोयऱ्यांनी' आणि 'कैऱ्या' यातला ऱ्य नीट जुळतो का? ॲ वरचा चंद्र शाबूत आहे का? 'गर्दी'चा रफार आणि वेलांटी वरून छाटली तर जात नाही ना?

शिरोरेघ तुटण्याचं कारण बहुतेक वेळा लेटर-स्पेसिंग असतं. इंग्रजी शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून थीम करणारे अक्षरांमध्ये अंतर सोडतात. रोमन अक्षरं मुळात सुटी असतात, त्यांना ते शोभतं. देवनागरीत मात्र शब्दाचे तुकडे पडतात. थीमच्या सेटिंगमध्ये हे अंतर शून्य करता येत असेल तर करा, नसेल तर ती थीम सोडा. ओळींमधल्या अंतराचंही तसंच. आपल्याला मात्रा वर आणि उकार खाली, दोन्हीकडे जागा लागते. मी मजकूर १८ पिक्सेलच्या खाली ठेवत नाही आणि ओळीचं अंतर १.७ पट धरतो. शीर्षकाला १.४ तरी ठेवतो. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये शीर्षकाचं अंतर १.१ किंवा १.२ असतं, आणि मग पहिल्या ओळीचे उकार दुसरीत घुसतात. तिरप्या अक्षरांवर भर देणारी थीमही मी टाळतो, कारण देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये तिरपा प्रकार नसतो आणि ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकडं करतो.

ल आणि श चा मुद्दा गुरुजींनी काढला. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे. साइटवर दिसत होता काना असलेला ल. उपाय सोपा निघाला. साइट ज्या प्रणालीवर चालते त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये जाऊन साइटची भाषा मराठी केली आणि फॉन्ट नोटो सान्स देवनागरी घेतला. पान मराठीत आहे हे ब्राउझरला कळलं की हा फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श दाखवतो. टिरो देवनागरी मराठी हा तर मराठीसाठीच केलेला फॉन्ट आहे, लांब लेखांना छान दिसतो, पण त्यात ठळक प्रकार नाही. म्हणून शीर्षकाला मुक्ता किंवा बलू घ्या. दोन फॉन्टच्या वर जाऊ नका. देवनागरीत जोडाक्षरं धरून आकार फार असतात, त्यामुळे फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड होते आणि प्रत्येक जादा फॉन्ट वाचणाऱ्याच्या डेट्यातून जातो.

मजकूर जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्या. नाहीतर चांगल्यातली चांगली थीम लावली तरी पानावर इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसेल.

मग मोबाइल. माझ्या गिऱ्हाइकांचे वाचक एसटी स्टँडवर, शेतात, दुकानाच्या ओट्यावर वाचतात. मे महिन्यातल्या उन्हात फिकट करड्या अक्षराचं काही दिसत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा फरक निदान ४.५ ला १ असावा असं सुगम्यतेचं प्रमाण आहे, आणि तो मोजून देणारी साधनं फुकट आहेत. पण खरी परीक्षा बाहेर उन्हात उभं राहून पान उघडण्याची. वेगासाठी थीमच्या डेमोचा पत्ता गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये टाका आणि मोबाइलचाच निकाल बघा. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, आणि पान भरताना मजकूर वरखाली उडता कामा नये. हललेल्या पानावर माणूस भलतंच बटण दाबतो. डेमोच संथ असेल, तर तुमचे फोटो पडल्यावर काय होईल?

मेन्यूबद्दल थोडक्यात. आमच्या गंजगोलाईला १६ रस्ते फुटतात, तरी नवखा माणूस फारसा चुकत नाही, कारण एकेका बाजूला एकेक व्यापार बसलेला आहे. मेन्यूतही शब्द बघून आत काय मिळेल ते कळलं पाहिजे. मराठी शब्द लांब असतात. 'आमच्याविषयी', 'संपर्क', 'शब्दसंग्रह' एका ओळीत मावतात का तेवढं बघा.

कोणती थीम घ्यायची, हे सरळ सांगतो. नुसतं लिहायचं असेल तर वर्डप्रेससोबत येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह पुरे. ती ब्लॉक थीम आहे. वर्डप्रेस ५.९ आल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, अशा थीममध्ये डोक्यापासून तळापर्यंत सगळं ब्लॉकनी, म्हणजे मजकूर, फोटो, बटण अशा सुट्या तुकड्यांनी, बदलता येतं. दुकान किंवा क्लास असेल तर जनरेटप्रेस, ॲस्ट्रा, केडन्स यांच्या फुकट आवृत्त्यांपासून सुरुवात करा. वर्डप्रेसच्या थीम संग्रहात प्रत्येक थीमच्या पानावर शेवटचं अपडेट कधी झालं ते लिहिलेलं असतं. वर्षभर हात न लागलेली थीम मी घेत नाही. स्वतःचाच पेज-बिल्डर, म्हणजे पान जुळवायचं वेगळं साधन, गळ्यात बांधणाऱ्या थीमपासूनही लांब राहतो. पुढे ती सोडायची वेळ आली की लेखांत कंसातले निरर्थक कोड उरतात, आणि दोनशे लेख हातानं साफ करावे लागतात.

पैशाची थीम कुणी झिप फाइलमध्ये फुकट दिली तर घेऊ नका. मी एकदा घेतली होती. दोन महिन्यांनी एका क्लासची साइट उघडली की मुलं जुगाराच्या पानावर जायला लागली. पालकांचे फोन आले. ती साइट साफ करायला मला चार रात्री लागल्या, आणि त्या क्लासच्या सरांसमोर उभं राहायचं मला अजून जड जातं.

थीम बदलायची तर आधी पूर्ण बॅकअप घ्या, मग लाइव्ह प्रिव्ह्यूत, म्हणजे थीम चालू करण्याआधीच्या झलकेत, आपलं सगळ्यात लांब पान आणि सगळ्यात लांब शीर्षक बघा. बदलल्यावर मेन्यू आणि विजेट (बाजूला किंवा तळाशी लावलेल्या छोट्या चौकटी) जागेवर आहेत का ते तपासा, आणि फोनच्या बटणावरून स्वतः एक फोन लावून बघा. मामाच्या साइटवर ते बटण नव्या थीममध्ये तळाशी गेलं होतं, ऐन आंब्याच्या दिवसांत. मामीनं सांगितलं म्हणून कळलं.

गुरुजींच्या ब्लॉगवर आता एक रकाना आहे, पांढऱ्यावर काळं, वर फक्त नाव आणि शोधायची चौकट. परवा गेलो तेव्हा ते चष्मा न लावता 'उलंगवाडी'वरचा नवा लेख मोबाइलवरून बायकोला वाचून दाखवत होते.