कुत्रा घेऊन डोंगरात: कोल्हापूर परिसरासाठी तयारीची यादी

दोघं आणि एक कुत्रा दिवसभराच्या भटकंतीला निघणार असतील, तर तयारी कुत्र्यापासून सुरू करावी. जागा, वेळ, अंतर, पाणी, सगळं त्याच्यावर ठरतं.

आधी जागा. राधानगरी-दाजीपूर आणि चांदोली यादीतून सरळ काढून टाका. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे: कुत्र्यांचा डिस्टेंपर हा आजार रानातल्या कोल्ह्या-बिबट्यांना लागतो, आणि भुंकण्यानं जनावरं पाणवठा सोडतात. पन्हाळ्यापुढचं मसाई पठार एका दिवसात आरामात होतं, पण त्यालाही संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. त्यामुळे कुत्रा नेण्याबद्दल त्या भागातल्या वनरक्षकाला विचारूनच बेत पक्का करा. सप्टेंबरात पठारावर फुलं असताना मळलेली वाट सोडू नका. आजरा-चंदगडकडे जाणार असाल तर आदल्या दिवशी गावात फोन करून टस्कर कुठं आहे ते विचारा. हत्ती त्या बाजूला फिरत असेल तर बेत रद्द. भुंकणारा कुत्रा आणि हत्ती एका रानात नकोत.

आठवडाभर आधी कुत्र्याची तयारी. रेबीजची लस चालू वर्षाची हवी. पावसाळ्यात आणि त्यानंतर साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, म्हणून त्याची लसही झालेली हवी. गोचिडांचं औषध, मग ते मानेवर टाकायचं असो की गोळी असो, डॉक्टरांना विचारून काही दिवस आधीच द्या. निघताना दिलेल्या औषधाचा त्या दिवशी फारसा उपयोग नसतो. नखं कापा. वर्षाच्या आतलं पिल्लू, पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा आणि दाट केसांचा हस्की यांना लांबच्या चढाईला नेऊ नका.

याच आठवड्यात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: तुमच्याकडे सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) असतं का, आणि रविवारी दवाखाना उघडा असतो का? नाही म्हणाले तर कुठं मिळेल ते तेव्हाच लिहून घ्या. घोणस चावल्यावर रेंज नसलेल्या दरीतून हा शोध घेता येत नाही. माणसांसाठी 108 आणि वनखात्याचा 1926 हे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

आता पिशवी. माणसांना प्रत्येकी 3 लिटर पाणी. 20 किलोच्या कुत्र्याला घरीच दिवसाला लिटरभर लागतं, चढाईला 2 लिटर धरा. म्हणजे 8 लिटर, 8 किलो वजन. ते दोघांत वाटून घ्या. घडीचं भांडं घ्या, म्हणजे वाटेतल्या डबक्यात तो तोंड घालणार नाही. पाठीवर मूठ असलेला हार्नेस आणि दीड-दोन मीटरची साधी, जाड दोरी. आपोआप लांबणारी दोरी नको. करवंदीच्या जाळीत ती अडकते आणि झटका बसला की तुटते. एक जुनी जाड चादर घ्या: 25 किलोचा लंगडणारा कुत्रा एकट्याला गडावरून खाली आणता येत नाही, चादरीच्या झोळीत दोघांना आणता येतो. गॉज, क्रेप बँडेज, बेटाडीन, बारीक टोकाचा चिमटा, जखम धुवायला 20 मिलीची सिरिंज, फाटलेल्या पंजावर घालायला जुने मोजे. एक छोटी पक्कडही हवीच. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशात कुत्र्याचा पाय किंवा मान अडकते आणि हातानं तार सुटत नाही. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून आधी गॉजनं तोंड बांधा, मग पक्कड लावा. मात्र धाप लागलेल्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधायचं नाही.

खाऊ वेगळा बांधा. आपल्या डब्यातला कांदा, लसूण, मनुका-बेदाणे, चॉकलेट यातलं काहीही त्याला चालत नाही. ट्रेकच्या सुक्या मेव्यातले बेदाणे प्रेमानं भरवले जातात आणि त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. क्रोसिन, ब्रुफेन अजिबात नाही. वाटेत पडलेलं काही त्याला खाऊ देऊ नका. डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब खाण्याच्या वस्तूत लपवलेले असतात. उसाच्या कडेच्या तारेत वीज सोडलेली असू शकते, तिथं दोरी आखूड धरा.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीची उत्तम. उजाडल्यावर अर्ध्या तासानं चालायला लागा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी गाडीपाशी या. बिबट्या आणि गवा झुंजूमुंजू होताना नि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात. मार्चनंतर जांभ्याचा सडा दहा वाजताच तापतो. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर पंजे भाजणार. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत न्या, पोटावर, काखेत, जांघेत साधं पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो उष्णता आत कोंडतो.

कोल्हापूरच्या डोंगरात गाठ पडते ती बहुधा गव्याची. मोठा नर 800 किलोंच्या पुढे असतो. माणसाची चाहूल लागली की कळप सहसा बाजूला होतो, पण कुत्रा त्याला कोळसुंद्यासारखा, म्हणजे रानकुत्र्यासारखा वाटतो आणि वासरू असेल तर गाय पुढे येते. मोकळा कुत्रा भुंकत धावतो, गवा अंगावर येतो, कुत्रा वळतो आणि थेट तुमच्या पायाशी येतो, मागोमाग गवा. म्हणून दोरी पूर्ण वेळ हातात हवी, आणि मनगटाला गुंडाळलेली नको, मुठीत हवी. डोकं वर करून रोखून बघणं, जोरात फुसकारणं, अंग आडवं करून उभं राहणं हा इशारा. कुत्रा धरणाऱ्यानं त्याला पायामागे घेऊन तोंड फिरवायचं. दुसऱ्यानं गव्यावर नजर ठेवून झाडाच्या किंवा दगडाच्या आडोशानं दोघांना मागे न्यायचं. कोणी काय करायचं हे गाडीतच ठरवा. खरोखर चालून आला तर दोरी सोडा आणि झाडामागे व्हा. कुत्रा तुमच्याहून वेगानं सुटतो. दोरीला धरून राहिलात तर दोघंही सापडाल.

बिबट्याच्या बाबतीत उलटं. कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य, म्हणून दोरी सोडायची नाही. लहान असेल तर उचला. वाकू नका, पाठ फिरवू नका, मोठ्यानं बोलत मागे सरका. अस्वलासाठी वळणांवर आणि झुडपात बोलत चाला, गुहांत डोकावू नका. कड्याखाली आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरड काही नको. मधमाश्या उठल्याच तर तिथं न थांबता लांब पळा, कुत्र्यासकट. धनगरवाड्याजवळ राखणीची कुत्री येतात. आपला कुत्रा जवळ घ्या आणि वाड्यातल्या माणसाला हाक मारून थांबा.

साप चावला तर चिरणं, आवळून बांधणं नाही. कुत्र्याला चालवू नका, झोळीत घाला आणि निघा.

परतल्यावर गाडीत बसण्याआधी बोटांच्या बेचक्या, कान, काखा बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाळलेली कुसळं टोकानं आत शिरतात आणि मागच्या बारीक काट्यांमुळे उलटी फिरत नाहीत, पुढेच सरकत राहतात. एका बाजूला डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत असेल तर तिथं कुसळ आहे. वर दिसतंय ते चिमट्यानं सरळ ओढा, कानात खोल गेलेलं डॉक्टरांवर सोडा. गोचीड कातडीलगत धरून सावकाश ओढा. रॉकेल, काडी लावू नका. माणसांनीही अंग तपासावं, शेजारच्या सिंधुदुर्गात गोचिडांमुळे माकडताप झालेला आहे. पुढचे दोन-तीन आठवडे कुत्र्याला ताप आला, जेवण सुटलं किंवा हिरड्या फिक्या पडल्या, तर डॉक्टरांना डोंगरात गेल्याची तारीख सांगा आणि रक्त तपासून घ्या.