ज्वारी चिकात येण्याआधी गोफणीचा हात बसवा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात असो की बार्शी-करमाळ्याकडे, रब्बी ज्वारी पाण्यावाचून जेवढी जात नाही तेवढी उशिरा सुरू केलेल्या राखणीने जाते. दरसाल तेच पाहतो. कणीस निसवलं, म्हणजे पानाबाहेर पडलं, की शेतकरी निर्धास्त होतो आणि राखणीचा माळा (मचाण) बांधतो तो हुरडा सुरू झाल्यावर. तोवर भोरड्यांनी रान हेरलेलं असतं. मध्य आशियाकडून हिवाळ्याला येणारी ही पाखरं थव्याने उतरतात. दाणा चिकात, म्हणजे कोवळा दुधाळ असताना चिमण्या तो चोचीत दाबून रस पितात. कणीस लांबून भरलेलं दिसतं, हातात घेतलं तर नुसती पोकळ बोंडं. माझा अंदाज असा, की पहिले दोन-तीन दिवस थवा निवांत बसला तर तो ते रान सोडत नाही. आजूबाजूच्या आधी किंवा मागून पेरलेल्या एकट्या तुकड्यावर तर सगळी धाड पडते.

दुकानदार या दिवसांत चमकत्या फिती आणि कर्णातीत आवाजाची यंत्रं पुढे करतात. फितींना पाखरं चार दिवसांत सरावतात. आणि जो आवाज माणसाला ऐकू येत नाही तो पाखरालाही येत नाही, मग पैसे कशाचे मोजायचे? विषारी दाणे टाकण्याचा विचारही नको.

गोफण घरात असते, नसतो तो हात. नव्या पोराचा गुंडा, म्हणजे गोफणीतून फेकलेला गोळा, आपल्याच कणसांत नाहीतर शेजाऱ्याच्या पत्र्यावर जातो. म्हणून फुलोऱ्यातच सराव हवा, आणि त्यासाठी नेम धरायचं बुजगावणं खांद्यावरून नेता येईल असं करा.

सहा-सात फुटांचे तीन बांबू घ्या. शेंड्याखाली वीतभर सुतळीने सैलसर बांधा, म्हणजे पाय फाकवले की तिवई उभी राहते आणि मिटवली की मोळी होते. शेंड्याला दोन जुनी बारदानं एकावर एक लटकवा, खालची टोकं मोकळी सोडा. ताणून बांधू नका. सैल बारदान गुंडा गिळतं आणि तो तिथेच खाली पडतो. ताणलेलं बारदान किंवा पत्रा तोच गुंडा उलट अंगावर फेकतो. मध्ये चुन्याने परातीएवढं वर्तुळ काढा. गुंडे दगडाचे नकोत. चिखलाचे लिंबाएवढे गोळे करून उन्हात वाळवा. वाळकी माती बारदानावर फुटते आणि पांढुरका डाग उठतो. नेम वर गेला की डावीकडे, ते डागच सांगतात. शिवाय रानात दगड साठत नाहीत, काढणीला विळ्याची धार वाचते.

गोफणीची झोळी हात खाली सोडल्यावर गुडघ्याच्या खाली यावी. एका दोरीचा फास मधल्या बोटात, दुसरीची गाठ अंगठा-तर्जनीत. डोक्यावरून एकच फेर घेऊन गाठ सोडा, गरगर फिरवून नेम सुधारत नाही. पंधरा पावलांवरून सुरुवात करा, डाग वर्तुळात पडू लागले की तीस पावलांवर जा. गाठ लवकर किंवा उशिरा सुटली की गुंडा बाजूला जातो, कधी मागेही. त्यामुळे बाजूला आणि मागे कुणी उभं नको, जनावरंही नकोत, आणि वीजतारेकडे तोंड करून तर सराव नकोच.

राखणीत पाखरू मारायचं नाही. गुंडा थव्याच्या पुढे पडला की पुरे. पोपटासारख्या पाखरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. उजाडल्यापासून दोन-तीन तास आणि दिवस मावळण्याआधी माळ्यावर माणूस हवाच. दुपारी जेवायला गेलात तरी चालेल, सकाळी चहाला गेलात तर नाही.

बाकीची कामं:
- पाणी: पेरणीनंतर 50-55 (पोटरी, म्हणजे कणीस पानाच्या आत असताना), 70-75 (फुलोरा), 90-95 दिवसांनी (दाणे भरताना).
- ढगाळ हवेत मावा ही कीड, पानांवर चिकटा: 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 100 लिटर पाण्यात 5 किलो निंबोळ्यांचा.
- काढणी: दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसल्यावर.

माळा रानाच्या मध्यावर बांधा, बांधाला नको. बांधावरून गुंडा पलीकडच्या कडेला पोचत नाही आणि थवा नेमका तिथेच उतरतो.