३० फ्रेमचे ६०: फ्लाइट सिम्युलेटरसाठी लॉसलेस स्केलिंगची जुळवणी

फ्लाइट सिम अडखळायला लागलं की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि बरेचदा तो चुकीचा निघतो. हवामान, उड्डाणाचं गणित, विमानातल्या यंत्रणा, आजूबाजूची रहदारी यांतलं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेवर, येऊन पडतं. तो थ्रेड पुढची फ्रेम (पडद्यावरचं पुढचं चित्र) तयार करेपर्यंत कार्ड नुसतं वाट बघत बसतं. म्हणूनच महागडं कार्ड टाकूनही मोठ्या विमानतळावर सेकंदाला येणाऱ्या फ्रेमचा (एफपीएस) आकडा ३५ च्या वर सरकत नाही. फ्रेम जनरेशन कार्डाच्या या रिकाम्या वेळेचा उपयोग करतं. सिमनं बनवलेल्या दोन खऱ्या फ्रेम घेऊन त्यांच्या मधली फ्रेम कार्डच रचतं, प्रोसेसरला फारसा हात न लावता. लॉसलेस स्केलिंग हा हेच काम सिमच्या बाहेरून करणारा प्रोग्राम.

मात्र यानं सिम वेगवान होत नाही. हालचाल तेवढी सलग दिसते, आणि तीसुद्धा मूळ फ्रेम एकसारख्या अंतरानं येत असतील तरच. मूळचा आकडा २२ आणि ४५ यांच्यात उड्या मारत असेल तर सॉफ्टवेअर त्या उड्याही इमानेइतबारे दुप्पट करून दाखवतं.

आधी अडतंय कुठे ते बघा

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून वरच्या मेनूतून एफपीएसची चौकट उघडा. तिथे 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' दिसलं तर प्रोसेसर अडतोय, 'लिमिटेड बाय जीपीयू' दिसलं तर कार्ड. एक्स-प्लेन १२ मध्ये सेटिंग्जमधल्या डेटा आउटपुटला जा आणि ० क्रमांकाची 'फ्रेम रेट' ही ओळ कॉकपिटमध्ये दाखवायला सांगा. तिथे सीपीयू टाइम आणि जीपीयू टाइम शेजारी-शेजारी दिसतात. सीपीयू (प्रोसेसर) टाइम ०.०३० सेकंद आणि जीपीयू (कार्ड) टाइम ०.०१५ सेकंद असेल तर कार्डाकडे भरपूर सवड आहे.

कार्ड आधीच ९९ टक्क्यांवर धावत असेल तर फ्रेम जनरेशन चालू करताच मूळ फ्रेम घटतात, कारण मधल्या फ्रेम रचण्याचं कामही त्याच कार्डाला करायचं असतं. अशा वेळी आधी ढगांची आणि सावल्यांची गुणवत्ता किंवा रेझोल्यूशन स्केल उतरवा आणि कार्डाचा भार ७५–८० टक्क्यांवर आणा. अडचण प्रोसेसरची असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये टेरेन लेव्हल ऑफ डिटेल २०० वरून १०० वर, एआय रहदारी (संगणकानं चालवलेली विमानं) कमी आणि ग्लास कॉकपिट (पडद्यांवर दिसणारी उपकरणं) रिफ्रेश रेट मध्यम करा. एक्स-प्लेनमध्ये वर्ल्ड ऑब्जेक्ट्स एक पायरी खाली आणा आणि एआय विमानं शून्यावर ठेवा, कारण तिथे प्रत्येक एआय विमानाच्या उड्डाणाचं गणितही प्रोसेसरच करतो.

व्हीआरएएम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, हीही तपासा. ६ किंवा ८ जीबीचं कार्ड काठोकाठ भरलेलं असेल तर टेक्स्चर एक पायरी खाली घ्या. फ्रेम जनरेशनला स्वतःलाही थोडी जागा लागते, आणि व्हीआरएएम ओसंडल्यावर येणारे झटके कुठल्याच सेटिंगनं जात नाहीत.

कुठलं तंत्र कोणासाठी

आरटीएक्स ४० किंवा ५० मालिकेतलं कार्ड आहे आणि मायक्रोसॉफ्टचं सिम उडवताय, तर सिममध्येच असलेलं एनव्हिडियाचं डीएलएसएस फ्रेम जनरेशन वापरा. २०२० च्या आवृत्तीत त्यासाठी डायरेक्टएक्स १२ निवडावं लागतं आणि विंडोजमध्ये हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग चालू असावं लागतं. दोन्ही बदलल्यावर रीस्टार्ट करायला विसरू नका. पर्याय करडा दिसतो अशी तक्रार असते तेव्हा बहुधा यातलंच एक राहिलेलं असतं. या तंत्राला सिमकडूनच वस्तूंच्या हालचालीची आणि खोलीची माहिती मिळते, त्यामुळे चित्र जास्त स्वच्छ येतं. एएमडीच्या आरएक्स ६००० आणि पुढच्या कार्डांना ड्रायव्हरमध्येच एएफएमएफ हे एएमडीचं फ्रेम जनरेशन मिळतं.

जुनं आरटीएक्स २० किंवा ३० मालिकेतलं कार्ड, जीटीएक्स, किंवा एक्स-प्लेन १२ असेल तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातलं लॉसलेस स्केलिंग घ्या. त्यातल्या फ्रेम जनरेशनचं नाव एलएसएफजी. ते सिमच्या आत शिरत नाही. खिडकीत दिसणारं चित्र टिपतं आणि त्यावरूनच मधल्या फ्रेमचा अंदाज बांधतं. त्यामुळे ते कुठल्याही सिमवर चालतं, पण त्याच्या चुकाही यातूनच येतात. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी वापर असेल तर पैसे परत मिळतात. प्रोग्राम नुसता उघडा राहिला तरी ते तास मोजले जातात, म्हणून जुळवणीची बाकी तयारी आधी करा आणि मग तो उघडा.

फ्रेमला लगाम

लगाम म्हणजे सिमनं सेकंदाला किती फ्रेमच्या वर जायचं नाही याची मर्यादा; तिच्यामुळेच मूळ फ्रेम एकसारख्या अंतरानं येतात. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात.

नेहमीच्या उड्डाणातला सर्वांत जड प्रसंग निवडा. उदाहरणार्थ मुंबई, धावपट्टी २७, ढगाळ संध्याकाळ: पूर्वेकडून येताना घाटकोपर-कुर्ल्याची दाट वस्ती समोर असते आणि शेवटची दोन मिनिटं सिमची कसोटी लागते. तिथे आकडा सारखा कितीपर्यंत खाली येतो ते बघा आणि लगाम त्याच्याही जरा खाली लावा. ३४ ते ४८ मध्ये खेळत असेल तर ३०.

लगाम मॉनिटरशी जुळायला हवा. ६० हर्ट्झवर ३० चे दुप्पट. ७५ हर्ट्झवर ३७ चे दुप्पट, पण फ्रीसिंक (फ्रेमच्या वेगाशी मॉनिटरनं स्वतः जुळवून घेण्याची सोय) असेल तरच. १२० हर्ट्झवर ४० चे तिप्पट किंवा ६० चे दुप्पट. १४४ हर्ट्झच्या जी-सिंक किंवा फ्रीसिंक मॉनिटरवर ४० ते ४५ चे दुप्पट उत्तम. मॉनिटरची वरची मर्यादा गाठायलाच हवी असं काही नाही. ती सोय नसलेल्या साध्या मॉनिटरवर मात्र भागाकार पूर्ण यायलाच हवा. नाहीतर धावपट्टीच्या कडेचे दिवे हलक्या ठेचा खात पुढे सरकताना दिसतात.

लगाम एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या 'मॅक्स फ्रेम रेट'नं लावा किंवा रिव्हाट्यूनर या प्रोग्रामनं. एएमडीवर रेडिऑन चिलमध्ये किमान आणि कमाल आकडा सारखाच ठेवा. कुठेही लावलात तरी तो फक्त सिमच्या एक्सई फाइलपुरता असू द्या. सगळ्या प्रोग्रामसाठी एकच लगाम लावला तर लॉसलेस स्केलिंगही त्यात अडकतं आणि ३० चे ३० च राहतात. सिममधलं व्ही-सिंक बंद करा.

लॉसलेस स्केलिंगमधली सेटिंग्ज

सिम खिडकीत किंवा बॉर्डरलेस चालवा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ऑल्ट+एंटरनं पूर्ण पडद्यावरून खिडकीत येता येतं. मग लॉसलेस स्केलिंगमध्ये सिमसाठी वेगळं प्रोफाइल बनवा.

स्केलिंग टाइप 'ऑफ' ठेवा. इथे फक्त फ्रेम हव्या आहेत. चित्र ताणून मोठं केलं की कॉकपिटमधली बारीक अक्षरं आधी बिघडतात. फ्रेम जनरेशनमध्ये एलएसएफजी ३.१, मोड 'फिक्स्ड', मल्टिप्लायर २. अडॅप्टिव्ह मोडमध्ये शेवटचा आकडा ठरवून देता येतो आणि मूळ फ्रेम हलल्या तरी तो तोल सांभाळतो, पण कार्डावर जास्त भार टाकतो आणि चित्रही थोडं मऊ होतं. लगाम नीट बसत असेल तर फिक्स्डच बरा. चौपट करून १२० चा आकडा मिरवण्यात अर्थ नाही: चारांपैकी तीन फ्रेम अंदाजपंचे असतात आणि डोळ्याला ते कळतं.

फ्लो स्केल १०८०पी वर १००, १४४०पी वर ७५, ४के वर ५०. हा आकडा म्हणजे हालचाल मोजण्यासाठी चित्र किती बारकाईनं पाहायचं ते. शेवटच्या चित्राचं रेझोल्यूशन त्यानं घटत नाही. कार्ड कमी पडत असेल तर आधी हा उतरवा, मग परफॉर्मन्स मोड.

कॅप्चर एपीआय: विंडोज ११ ची २४एच२ किंवा नंतरची आवृत्ती असेल तर डब्ल्यूजीसी, नाहीतर डीएक्सजीआय. क्यू टार्गेट १. शून्यावर विलंब सर्वांत कमी, पण कार्डाला जरा घाम फुटला की झटके. २ वर सर्वांत सलग, पण स्टिक थोडी जड वाटते. सिंक मोड जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल तर 'ऑफ', साध्या मॉनिटरवर 'डिफॉल्ट'. विंडोजमध्ये एचडीआर चालू असेल तर इथेही एचडीआर सपोर्ट चालू करा, नाहीतर आकाश धुऊन निघाल्यासारखं फिकं दिसतं. दुसऱ्या मॉनिटरवर चार्ट किंवा बाहेर काढलेली उपकरणं ठेवत असाल तर मल्टी डिस्प्ले मोड हवाच. तो बंद असेल तर तिकडे क्लिक करताच फ्रेम जनरेशन सुटतं.

'ड्रॉ एफपीएस' चालू ठेवा. सिम सुरू करून विमानात बसा, खिडकी समोर असताना कंट्रोल+ऑल्ट+एस दाबा. कोपऱ्यात ३०/६० असं दिसायला हवं: पहिला आकडा खऱ्या फ्रेमचा, दुसरा पडद्यावर जाणाऱ्या फ्रेमचा. सिमचा स्वतःचा काउंटर ३० च दाखवत राहील, ते बरोबर आहे. बटण दाबूनही काहीच होत नसेल तर सिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतंय का बघा. तसं असेल तर लॉसलेस स्केलिंगही तसंच चालवावं लागतं.

काय बिघडतं, आणि का

पहिला आकडाच ३० वरून २५ वर घसरला तर कार्डाला सवड उरलेली नाही. वर सांगितलेल्या सेटिंग्ज आणखी खाली आणा. लॅपटॉपवर हे १५-२० मिनिटांनी सुरू होत असेल तर कारण उष्णता: एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याची हवा अडली की कार्ड स्वतःहून वेग उतरवतं. लगाम लावल्यानं कार्डावरचा ताण कमी होतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

चित्रातले दोष ओळखीचे होतात. सेस्ना १७२ च्या पंखाखालच्या दांड्याच्या कडेला जमीन थरथरते, कारण दांडा स्थिर आणि मागचं सगळं पळतंय. दांड्याआड दडलेली जमीन कशी दिसते हे सॉफ्टवेअरला माहीतच नसतं. फिरता पंखा अधूनमधून तुटल्यासारखा दिसतो. ग्लास कॉकपिटवर उंचीची पट्टी वेगानं सरकताना आकडे एकमेकांत मिसळतात. हेड ट्रॅकिंगनं झटकन मान वळवली की पडद्याच्या कडा फाटतात. उपाय एकच, निरनिराळ्या प्रमाणात: मूळ फ्रेम वाढवा, मल्टिप्लायर कमी ठेवा, फ्लो स्केल जमेल तेवढा वर न्या. हेड ट्रॅकिंगचा वेग थोडा उतरवला तर कडांचा त्रास बराच कमी होतो.

विलंबाला उपाय नाही. मधली फ्रेम रचायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणून चित्र मागे राहतंच. ३० फ्रेमवर एका फ्रेमचा वेळ ३३ मिलिसेकंद, ४० वर २५. प्रवासी विमानाचं वजनच इतकं की क्रूझमध्ये हे कळत नाही. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवताना किंवा फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) वेळी कळतं, आणि हात जास्त दुरुस्त्या करायला लागतो. हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांनी मूळ ४० पेक्षा खाली जाऊ नये.

एक्स-प्लेनचं एक वेगळंच दुखणं आहे. मूळ फ्रेम साधारण २० च्या खाली गेल्या की ते सिममधली वेळच मंद करतं. पडद्यावर ३६ दिसत असतील, पण मूळ १८ असतील तर घड्याळ मागे पडतंच आहे. व्हॅटसिमवर (जिथे खरी माणसं ऑनलाइन वैमानिक आणि कंट्रोलर होतात) उडताना तुमचं विमान इतरांच्या हिशेबानं हळू चालतं आणि मागून येणाऱ्याला कंट्रोलर फिरवत बसतो. इथे फ्रेम जनरेशनचा काही उपयोग नाही; सेटिंग्जच उतरवायला हव्यात.

डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन आणि एलएसएफजी एकाच वेळी लावू नका, अंदाजावर अंदाज चढतो. व्हीआर हेडसेटला लॉसलेस स्केलिंग चालत नाही. तिथे हेडसेटचं स्वतःचं मोशन रीप्रोजेक्शन वापरावं.

जुनं कार्ड कपाटात पडून असेल तर ते दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून मधल्या फ्रेमचं काम त्याच्याकडे देता येतं. मॉनिटरची केबल या दुसऱ्या कार्डाला जोडायची, लॉसलेस स्केलिंगमध्ये प्रेफर्ड जीपीयू तेच निवडायचं आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये सिमला मुख्य कार्ड नेमून द्यायचं. केबल मुख्य कार्डालाच राहिली तर प्रत्येक फ्रेम पीसीआयईवरून (कार्डांना मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गावरून) जाऊन परत येते आणि फायदा तिथेच संपतो. घेण्याआधी मदरबोर्डच्या पुस्तिकेत दुसरा स्लॉट किती लेनचा आहे ते वाचा. लांबीला पूर्ण दिसणारा स्लॉट आतून पुष्कळदा चारच लेनचा असतो, आणि ४के च्या फ्रेम त्यातून नेताना तो कमी पडू शकतो. पॉवर सप्लायलाही दोन्ही कार्डांचा भार पेलायला हवा.